स्टिकर निघतो, चिकटा राहतो

मनू, आधी हातातली ती तारेची घासणी खाली ठेव. ती तुझ्या हातात आहे हे मला इथे बसून कळतं. "ताई, आहेरातल्या डब्यांवरचे स्टिकर अर्धे निघतात नि अर्धे तसेच राहतात, घासून टाकू का?" असं जी विचारते, तिचं निम्मं घासून झालेलं असतं.

तुझी यादी वाचली. स्टीलचे डबे, सासूबाईंनी दिलेली पितळी समई, तांब्याची बाटली, नॉनस्टिक तवा, नवा फ्रिज, आणि घरमालकांनी ठेवून दिलेलं ते लोखंडी कपाट, ज्यावर त्यांच्या मुलांनी एकेकाळी शक्तिमानपासून वर्ल्ड कपपर्यंत सगळं चिकटवून ठेवलंय. एवढ्या सगळ्याला पुरेल असा एकच उपाय तुला हवाय. तसा उपाय नाही गं. स्टिकरमागचा चिकटा थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो, पण त्याच्याखाली काय आहे ते दर वस्तूचं निराळं. कुठे उघडं स्टील, कुठे भट्टीत भाजलेला रंग, कुठे पारदर्शक लॅकरचा हात, कुठे कल्हई. ज्या औषधाने डब्याचा चिकटा दोन मिनिटांत जातो, तेच औषध कपाटाचा रंग दोन मिनिटांत उतरवतं. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा की खाली काय आहे आणि त्याला काय सोसतं. एवढं ओळखलंस की पुढचं काम कंटाळवाणं असतं इतकंच, अवघड काही नाही.

चिकट्याचं थोडं ऐकून घे, म्हणजे पुढचं पटेल. फेविकॉल वाळून कडक होतो, तसा स्टिकरचा डिंक होत नाही. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. थंडीतल्या काकवीसारखा, वाहतो पण फार सावकाश. दाबला की धातूवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचांत पसरतो आणि दिवस जातील तसा आणखी पसरत राहतो. म्हणून दुकानातून आणल्या दिवशी सहज सुटणारा स्टिकर सहा महिन्यांनी हटून बसतो. अमेरिकेत स्टँटन एव्हरी नावाच्या माणसाने १९३५ मध्ये असली आपली आपण चिकटणारी लेबलं बनवायला घेतली आणि तिथून हे लोण आपल्या वाटी-चमच्यांपर्यंत आलं. वाटीच्या नेमक्या आतल्या तळाशी लेबल लावायची कल्पना कुणाची, ते मात्र मला अजून शोधायचंय. एकदा भेटायचंय त्याला.

तर हा डिंक म्हातारा होताना दोन तऱ्हांनी वागतो. रबराच्या जातीचा असेल तर आधी लिबलिबीत होतो, मग पिवळा पडून कडक, ठिसूळ होतो. अक्रिलिकच्या जातीचा असेल तर वर्षानुवर्षं तसाच राहतो, फक्त पकड घट्ट करत जातो. रबराच्या जातीला तेल लवकर लागू पडतं, अक्रिलिकवाल्याला बऱ्याचदा अल्कोहोल. समोरचा कुठला हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून एका कोपऱ्याला हे, दुसऱ्याला ते लावून बघायचं नि जो कोपरा आधी सैल होईल त्याचं ऐकायचं.

आता डबे. स्टेनलेस स्टीलवर रंग नसतो की लॅकर नसतं, दिसतं ते स्टीलच. पण त्यालाही स्वतःचं एक कवच असतं. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की हवा लागून त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा एक थर धरतो आणि तो गंज रोखतो. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून खटपट करत होता, त्यातून हे पोलाद हाती आलं आणि आपल्या रुखवताचं भलं झालं. डब्याखाली १८/८ लिहिलेलं असतं ते १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हा थर चरा पडला तरी हवा लागून पुन्हा भरून येतो, त्यामुळे घासल्याने डबा गंजेल ही भीती नको. साध्या लोखंडी तारेने घासलंस तर मात्र तारेचे बारीक कण मागे राहतात, ते गंजतात, आणि डब्यावर तांबडे ठिपके उठले म्हणून आपण दुकानदाराला नावं ठेवतो. खरं नुकसान चकाकीचं. आरसा पॉलिशचा डबा कारखान्यात यंत्रावर बफिंग करून तयार होतो. घासणीचे चरे पडल्यावर ती चकाकी स्वयंपाकघरात परत आणता येत नाही. आजीच्या काळची राख किंवा रांगोळी वापरायचा सल्ला कुणी दिला तर मान डोलाव आणि विसरून जा. जाड पितळी पातेल्यांना ते चालून गेलं, या डब्यांना नाही चालणार.

कागदी लेबलाच्या वर एक गुळगुळीत पापुद्रा असतो, तो तेल आत जाऊ देत नाही. तो आधी नखाने खरवडून काढ. आतला भुरभुरीत कागद उघडा पडला की त्यावर खोबरेल तेल चोपड आणि अर्धा तास तिकडे बघूसुद्धा नकोस. गोडेतेलही चालतं. थंडीत खोबरेल थिजतं तेव्हा तर गोडेतेलच घे. तेल कागदातून झिरपून डिंकात शिरतं, डिंक फुगतो आणि धातूवरची पकड सोडतो. हे सगळं तेलाने करायचं असतं, मनगटाने नव्हे. प्लास्टिकचं लेबल तेल पीत नाही. तिथे हेअर ड्रायर लावून कोपरा उचलायचा आणि लेबल वर न खेचता मागे, त्याच्या त्याच्यावरच दुमडत सावकाश ओढायचं. सुटत जाणाऱ्या रेघेवर तेलाचा एकेक थेंब सोडत गेलीस तर आणखी सोपं.

खरवडायला सुरी, ब्लेड, उलथण्याची कड, यातलं काही नको. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घे, कुल्फीची काडी घे, नाहीतर फुटक्या करवंटीचा तुकडा घे. करवंटी स्टीलपेक्षा मऊ आहे, तिच्याने डब्याला ओरखडा उठत नाही आणि तिची कड कार्डापेक्षा जास्त टिकते. डब्यावर नाव घातलेलं असेल, म्हणजे ते "अमुक यांजकडून सप्रेम", तर त्या कोरलेल्या अक्षरांत चिकटा जाऊन बसतो आणि त्यावर मळ धरून अक्षरं काळी दिसायला लागतात. तिथे तेल आणि जुना मऊ टूथब्रश.

यापुढची पायरी बहुतेक जणी घाईत उडवतात. चिकटा मऊ झालेला दिसला की लगेच पाणी सोडून साबण लावतात. मग तो डबाभर पसरतो, स्पंजात अडकतो आणि दुसऱ्या दिवशी ताटांना, पेल्यांना लागत फिरतो. तसं करू नकोस. आधी कोरड्या जुन्या फडक्याने तेलासकट सगळं पुसून काढ, घडी बदलत बदलत, आणि ते फडकं सरळ टाकून दे. त्यानंतर गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ स्पंज. डबा मॅट फिनिशचा असेल तर त्याच्या बारीक रेघा कुठल्या दिशेला जातात ते उजेडात धरून बघ आणि त्याच दिशेने पूस. आडवं पुसलंस तर तेवढा भाग कायम वेगळा चमकेल. खाण्याचा सोडा तेलात कालवून लावायची युक्ती मॅट स्टीलवर हलक्या हाताने चालते, आरसा पॉलिशवर नको.

अगदी थोडा, नखाएवढा चिकटा उरला असेल तर एवढा व्याप करू नकोस. चिकटपट्टी त्यावर दाबायची आणि उचलायची, पुन्हा दाबायची, पुन्हा उचलायची. डिंकाला डिंक धरतो.

सगळं झाल्यावर पाण्याची परीक्षा घे. डब्यावर पाणी ओत आणि बघ. पाणी सलग पसरलं तर धातू स्वच्छ. स्टिकरच्या चौकोनापुरतं पाणी फाटतंय, थेंब थेंब होऊन गोळा होतंय, तर तिथे अजून तेलाचा नाहीतर डिंकाचा पातळ हात आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण आठ दिवसांत तिथेच धूळ धरते आणि "गेलेला" डाग परत येतो. बोअरचं पाणी असेल तर धुतल्याबरोबर पुसून घे, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके पडतील आणि तू त्यांनाच चिकटा समजून पुन्हा घासत बसशील.

गॅसचा उपाय तुला आठवत असेल. आई वाटी पालथी धरून आचेवर दोनदा फिरवायची आणि स्टिकर अख्खा सोलून यायचा. उपाय बरोबर आहे, प्रमाण महत्त्वाचं. डिंक सैल व्हायला हाताला चटका बसेल एवढी ऊब पुरते. त्याहून तापवलंस तर तो मधूनच दुभंगतो, अर्धा कागदाबरोबर येतो नि अर्धा वाटीवर राहतो. आणि विसरलीसच आचेवर, स्टील तीनशे अंशांच्या आसपास गेलं, तर त्यावर पिवळसर आणि पुढे निळसर छटा उठते. ती काही घाण नाही, ते वरचं कवचच जाड झालेलं असतं. व्हिनेगर लावून ठेवलं तर बरीचशी उतरते, पण मुळात ती वेळ येऊ द्यायची नाही. तेल किंवा स्पिरिट लावलेलं भांडं तर आचेजवळ न्यायचंच नाही. हा उपाय प्लास्टिकच्या मुठीच्या, नॉनस्टिकच्या आणि कल्हईच्या भांड्यांसाठी नाही. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं आचेवर ठेवलंस तर स्टिकरच्या आधी कल्हई जाईल.

तेलाने भागलं नाही तर पुढचं कपाट उघडायचं. माझी पहिली पसंती निलगिरीच्या तेलाला. सर्दीसाठी आणलेली बाटली घरात असतेच. जुना, कडक झालेला डिंकही ते पाच-दहा मिनिटांत सैल करतं आणि स्टीलला काही करत नाही. रंगाला नि प्लास्टिकला मात्र ते मऊ करू शकतं, आणि पोटात गेलं तर विषारी, म्हणून घरात लहान मूल आलेलं असताना बाटली उघडी टाकू नकोस. दुसरं म्हणजे सॅनिटायझर. कोविडच्या वेळचा कुठेतरी पडला असेल तर तो काढ. जेलवाला आणखी चांगला, कारण उभ्या पत्र्यावरून ओघळत नाही. त्यावर प्लास्टिकचा कागद लावून ठेवलास तर उडूनही जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुधा अॅसिटोन. उघड्या स्टीलवर बिनधास्त, बाकी कुठेही नाही. रंग, लॅकर, प्लास्टिक, तिन्हीचा तो वैरी, आणि बाटलीवर "अॅसिटोन नाही" लिहिलं असलं तरी आत दुसरं काहीतरी तसलंच असतं. रॉकेल काम करतं, पण वास चार दिवस जात नाही, म्हणून खाण्याच्या भांड्यांना नकोच. थिनर पेंटरकडे राहू दे. पेट्रोलचं नाव काढू नकोस.

आणि हे सगळं करताना गॅस बंद, देवापुढची समई शांत झालेली, खिडकी उघडी. अल्कोहोलची नि अॅसिटोनची वाफ दिसत नाही, पण ती ज्योतीपर्यंत आपली आपण पोचते. झाल्यावर वापरलेला बोळा घरातल्या बंद डब्यात कोंबायचा नाही, बाल्कनीत मोकळा वाळू द्यायचा आणि मग टाकायचा.

समईकडे वळू. पितळ आणि तांबं हे दोन प्रकारचं मिळतं, उघडं आणि लॅकर चढवलेलं. शोभेच्या वस्तूंवर, तांब्याच्या बाटल्यांच्या बाहेरच्या अंगावर बरेचदा लॅकर असतं, म्हणून तर त्या दुकानात महिनोन् महिने काळ्या पडत नाहीत. ओळखायचं कसं? बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी लिंबाची फोड फिरव. उघडं पितळ असेल तर तेवढा डाग बघता बघता उजळतो. लॅकर असेल तर काहीच होत नाही, लिंबू धातूपर्यंत पोचतच नाही. लॅकर आहे असं दिसलं तर फक्त तेल आणि कोमट साबणपाणी, आणि धीर. तिथे रिमूव्हर लावलास तर लॅकर चट्ट्याचट्ट्याने उतरेल, उघडा पडलेला भाग काळवंडेल, उरलेला पिवळा राहील आणि समईला कोड फुटल्यागत दिसेल. मग एकच इलाज, सगळंच लॅकर काढून टाकणं. उघडं पितळ असेल तर काळजी नाही. चिकटा तेलाने काढ, मग चिंच किंवा पितांबरी, जे नेहमी वापरतेस ते. क्रम उलटा करू नकोस. चिकट्यावर आधी चिंच लावलीस तर बाजूचं पितळ उजळेल आणि स्टिकरची चौकट आणखी ठळक होईल.

अॅल्युमिनियमला आंबट आणि खारट दोन्ही सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने ते काळवंडतं, खाण्याच्या सोड्यात गरम केलं तरी. तुझा तो करड्या रंगाचा हार्ड अॅनोडाइज्ड कुकर आहे ना, त्याचा करडा रंग म्हणजे अॅल्युमिनियमचाच मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर. तो कडक आहे, ओरखड्यांना दाद देत नाही, पण सोड्याला देतो. तिथे तेल, नाहीतर सॅनिटायझर. नॉनस्टिक तव्याच्या आतलं लेबल कोमट साबणपाण्यात भिजवून बोटाने काढायचं, राहिलं तर तेल, खरवडणं बंद, आणि रिकामा तवा तापवणं तर बंदच. बिडाचा तवा असेल तर त्याला हवं तसं घास, तिथे बिघडायला पॉलिशच नाही. घासून, धुऊन, आचेवर वाळवून लगेच तेलाचा हात दे, एवढं बास. चांदीच्या वाटी-फुलपात्रावरचं लेबल जास्त दिवस ठेवू नकोस आणि डबीला रबरबँड तर लावूच नकोस, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. टूथपेस्टने चांदी चमकते म्हणतात, चमकते खरी, पण घासली जाऊन.

नळाबद्दल तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते, कारण नव्या फ्लॅटमधल्या नळांवर कंपनीचे स्टिकर असतात आणि शिवाय आपल्या टिकल्या. आंघोळीला जाताना टिकली काढून नळाला किंवा शॉवरच्या दांडीला चिकटवणं हे आपल्या घराण्यात पिढीजात आहे. नळ आतून पितळेचा असतो, वर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमचा मुलामा, जो बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्याला तेल चालतं, सॅनिटायझर चालतो. चालत नाही ते बाथरूम घासायचं अॅसिड. त्यातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड क्रोम खातं आणि त्याच्या वाफेने शेजारची स्टीलची जाळीसुद्धा तांबूस होते. टिकल्या तर खोबरेल तेलाच्या बोटानेच निघतात, दोन मिनिटं धीर धरलास तर.

फ्रिज. तो "स्टील फिनिश"चा आहे म्हणून डब्यासारखा वागवू नकोस. असल्या दरवाजांवर बहुतेक वेळा रंग, फिल्म नाहीतर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून दिलेला पारदर्शक लेप असतो, उघडं स्टील क्वचित. तेव्हा ड्रायरची मध्यम ऊब, तेल, साबणपाणी, आणि तिथेच थांबायचं. तो ताऱ्यांचा मोठा स्टिकर, जो ऊर्जा बचतीसाठी २००६ पासून आपल्याकडे सुरू झाला, तो पहिल्या वर्षातच काढून टाक. फोटो काढून ठेव आणि काढ. लोक तो दहा वर्षं मिरवतात आणि मग काढायला जातात, तोवर बाकीच्या दरवाजाचा रंग उडालेला असतो. मागचा किंवा आतला मॉडेल नंबर, सीरियल नंबरचा स्टिकर मात्र नखानेही कुरतडू नकोस, दुरुस्तीवाला पहिला तोच विचारतो. शेगडीवरच्या नंबराचंही तसंच. दारामागे कुणी जाड फोमच्या टेपने हूक लावले असतील तर ओढू नकोस. नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून हूक आणि पत्रा यांच्या मधून करवतीसारखा फिरव, फोम मधोमध चिरला जातो. उरलेला फोम अंगठ्याने चोळला की त्याच्या वळकट्या होऊन निघतात.

राहिलं कपाट, आणि तेच सगळ्यात नाजूक. लोखंडी कपाटं आपण दणकट समजतो, लाथ मारून दार लावतो, पण पत्रा दणकट असतो, रंग नव्हे. पूर्वी भट्टीत भाजलेला इनॅमल रंग असायचा, आता पावडर कोटिंग असतं. दोन्ही मजबूत, पण इतकी वर्षं उभं राहिलेल्या कपाटाचा रंग कुठे फुगलाय, कुठे सुटत आलाय, हे स्टिकर उचलल्याशिवाय कळत नाही. आणि ते कपाट तुझंही नाही, घरमालकांचं आहे, तेव्हा दुप्पट जपून. दार उघडून आतल्या बाजूला एक रुपयाएवढी जागा निवड, जे काही लावणार असशील ते पांढऱ्या फडक्यावर घेऊन तिथे चोळ. फडक्याला कपाटाचा रंग आला तर ते औषध बाद. तेलाने रंग येणार नाही, सॅनिटायझरने कदाचित येईल, रिमूव्हरने हमखास येईल. मग ड्रायर लांबूनच धर, एका जागी रोखू नकोस, कोपरा नखाने उचल, मागे दुमडत ओढ. रंगाचा पोपडा बरोबर यायला लागला तर तिथेच थांब. उलट्या बाजूने सुरू कर, किंवा तेल लावून रात्रभर राहू दे. एका दिवशी एक स्टिकर काढलास तरी चालेल, कुठे आग लागलीय?

आणि एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर रडत फोन करणार नाहीस. सगळा चिकटा निघाला, पाणी सलग पसरलं, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, तरी शक्तिमानची आकृती दिसते आहे, असं होणार. तो चिकटा नाही. स्टिकरखालचा रंग सावलीत राहिला, बाजूचा वर्षानुवर्षं उन्हाने नि पुसण्याने फिका पडला, तो हा फरक. कुठलंही तेल तो घालवू शकत नाही. गाडीचं रबिंग कंपाउंड हलकेच फिरवून बाजूचा मेलेला थर काढला तर फरक कमी होतो, पण त्यात रंग झिजतो, नि पावडर कोटिंगचा मॅट भाग चकचकीत होऊन बसतो. मी असते तर त्यावर कॅलेंडर लावलं असतं. चुंबकाने, पुन्हा चिकटपट्टीने नाही.

डबे वापरायला घेताना शेवटचं एक. नुसतं तेल वापरलं असशील तर दोनदा साबणाने धुणं पुरे. निलगिरी वापरलीस तर धुऊन, झाकण उघडं ठेवून उन्हात ठेव, आणि नाक आत घालून हुंग. वास अगदी गेल्याशिवाय डाळ-तांदूळ भरू नकोस. चहा-साखरेच्या डब्यांना तर निलगिरी मुळीच लावू नकोस, चहाची पावडर कसलाही वास ओढून घेते. जावईबापूंची सर्दी पहिल्याच कपात बरी करायची असेल तर गोष्ट वेगळी.